नर्मदेवरून कासुर्डीला

2 मे
खंडव्याहून झेलम एक्स्प्रेसने दौंड, तिथून लोकलने यवत. दाजी स्टेशनबाहेर मोटारसायकल घेऊन उभे होते. दाढी-केसांच्या जंजाळात त्यांना मी ओळखूच आलो नाही. नर्मदा परिक्रमेत केस कापत नाहीत, आणि ओंकारेश्वरला जल चढवून, कन्याभोजन घालून मी थेट गाडी धरली होती. कासुर्डीला पोचलो तर अक्का दारात तांब्या घेऊन. पायावर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मग पदर डोळ्यांना लावला. “किती वाळलास रे!” आठ तारखेला भाचीचं लग्न. बोहल्यावर पोरीच्या पाठीशी मामा उभा राहतो की नाही, याची काळजी तिने कार्तिकी एकादशीपासून वाहिली होती.

3 मे
पहाटे चारलाच जाग आली. पायांना अजून चालायचं असतं. खामगावच्या बाजूला मुळा-मुठेपर्यंत गेलो. पात्रभर जलपर्णी, आणि तिच्याखालून काळं पाणी सरकताना दिसण्याआधी त्याचा वास आला. काठावर उभा राहिलो, खाली उतरवेना.

नर्मदा 1312 किलोमीटर लांब. परिक्रमेत ती ओलांडायची नाही, उजव्या हाताला ठेवून चालायचं. एका काठाने समुद्रापर्यंत, विमलेश्वरहून नावेने मिठी तलाईला, मग दुसऱ्या काठाने अमरकंटकला वळसा घालून परत. या वाटेवर तहान लागली की मी ओंजळीने नदीचं पाणी प्यालो. नर्मदेलाही धरणांनी अडवलंय. सरदार सरोवराखाली जुन्या वाटा आणि गावं बुडाली, ते दुःख तिथल्या माणसांच्या तोंडून रोज ऐकलं. तरी संध्याकाळी प्रत्येक घाटावर तिची आरती होते, आणि परकंमावासी दिसला की चहा, टिक्कड किंवा कोरडा शिधा पुढे येतो. देणारी बाई स्वतः कुडाच्या घरात राहत असली तरी.

मुळा-मुठेनेही या शिवाराला कमी दिलेलं नाही. खडकवासल्याचं पाणी नव्या कालव्याने पार इंदापूरपर्यंत जातं. जुन्या कालव्याला इकडे सगळे बेबी कालवा म्हणतात. मुंढव्याला पुण्याचं सांडपाणी प्रक्रिया करून उचलतात आणि त्यात सोडतात. ऊस या पाण्यावर, गुऱ्हाळं उसावर, आणि मला वाटतं दाजींनी लग्नासाठी जमवलेला पैसाही शेवटी त्याच पाण्याचा.

5 मे
यवतला न्हाव्याकडे गेलो. मामाकडची पिवळी साडी घेतली. दिवसभर पत्रिका आणि मानापानाच्या याद्या.

7 मे
मांडवडहाळे आले, आंब्याच्या आणि उंबराच्या फांद्यांनी ट्रॉली भरून. मारुतीपुढून देवक आणलं. दुपारी जारवाला टेम्पो भरून पाणी टाकून गेला. नदीकाठच्या तालुक्यातलं लग्न, आणि पाहुण्यांची तहान विकतच्या पाण्यावर. अक्काला यात नवल वाटत नाही. तिचं सासर हेच, तीस वर्षांपूर्वी ती आडाचं पाणी शेंदायची, मग बोअर आला, मग जार.

हळदीनंतरच्या न्हाणाला मी माझी शीशी काढली. परिक्रमाभर कमरेला सांभाळलेलं नर्मदेचं जल. ओंकारेश्वरला चढवून थोडं उरलं होतं. ते घंगाळात ओतलं. भाचीने विचारलं, “मामा, हे पिता येतं?” मी म्हटलं, तीच तर खूण आहे.

8 मे
गोरज मुहूर्त होता, पण सत्कार आणि फेटे संपेचनात. आलेल्या माणसाचा मान ठेवावा हे मला पटतं. पण पोरगी उन्हाळ्याच्या घामात शालू सावरत उभी आहे, पोरं उपाशी आहेत, हे आधी दिसायला हवं. नर्मदाकाठी कुणी नाव-गाव न विचारता आधी ताट मांडतात.

अंतरपाट धरला. भाचीच्या खांद्यावर माझा हात. मंगलाष्टकांत नद्यांची नावं आली, गंगा, यमुना, गोदावरी, नर्मदा. नर्मदेचं नाव कानावर पडलं आणि माझा हात थरथरला. तिला ते कळलं असणार, कारण तिने मागे न बघता मान हलवली. या अष्टकांत मुळा-मुठा नाही. असती तर भटजींनी कोणत्या तोंडाने आशीर्वाद मागितला असता, हा प्रश्न अक्षता संपेपर्यंत सुटला नाही.

मसालेभात, वांग्याची भाजी, मठ्ठा, जिलेबी. वऱ्हाड निघताना अक्का भिंतीला टेकून बसली. मी जवळ बसलो, बोललो काही नाही.

10 मे
मुराळी म्हणून भाचीला आणायला तिच्या सासरी, शिरूर तालुक्यात. रांजणगाव सांडसच्या परिसरात मुळा-मुठा भीमेला मिळते. व्याह्यांनी मला काठावर नेलं. लहानपणी वाळूत झिरा उकरून ते पाणी प्यायचे. आता वाळू उपसली गेली, झिरा कुठे काढणार? त्यांच्याही घरी जारच.

ते दरसाल वारीला जातात. म्हणाले, “हेच पाणी पुढं उजनीत, आणि उजनीतनं चंद्रभागेत. तिथं आम्ही बुडी मारतो, पाहुणं.” तुकोबांची पालखी यवतला मुक्कामी असते, गावची पिठलं-भाकरी खायला लाखभर तोंडं असतात. यंदा आम्ही दोघं तिथून बरोबर चालायचं ठरवलं. वाटेत जो विचारील त्याला, आणि न विचारील त्यालाही, हे पाणी कुठून येतं ते सांगत जायचं. भाची म्हणाली, तिलाही एक मुक्काम चालायचंय. सासूबाईंकडे बघितलं तर त्या म्हणाल्या, “मग मी पण येते की.”