घाटावरच्या पणत्या

त्रिपुरारी पौर्णिमेच्या आदल्या दुपारी आमच्या अंगणातले घंगाळ पणत्यांनी भरून जाते. कोरी पणती पाण्यात सोडली की तिच्यातून बारीक बुडबुडे सुटतात, चुर्र असा आवाज येत राहतो. तो थांबेपर्यंत तिला बाहेर काढायचे नाही. कोरडी माती तेल पिते. एका वर्षी घाईघाईत आम्ही पणत्या न भिजवताच मांडल्या आणि उजाडायच्या आत निम्मा घाट विझला. तेव्हापासून हे काम मी दुसऱ्या कुणावर सोपवत नाही.

कोल्हापूरच्या पंचगंगा घाटावरचा दीपोत्सव भल्या पहाटेचा. थंडी नुकती पडू लागलेली असते, नदीवर धुके असते. तालमीतली पोरे, आयाबाया, शाळकरी मुली अंधारातच काळ्या पायऱ्यांवर पांगतात. कुणी रांगोळीला बसते, कुणी तेलाची किटली घेऊन फिरते.

माझा जीव वातीत. शंकराच्या देवळात या दिवशी साडेसातशे पदरांची त्रिपुरवात लावतात. ती वळायला आजीने शिकवले, तोच हात घाटावर कामी येतो. वात सैल वळली तर भसकन जळते आणि काजळी धरते. फार पिळली तर तेल वर चढत नाही. दोन बोटांत धरल्यावर किंचित दबली पाहिजे, आणि पणतीच्या चोचीबाहेर ज्वारीच्या दाण्याएवढीच डोकावली पाहिजे. पदर घट्ट खोचून, वाऱ्याकडे पाठ करून बसायचे. आपल्या अंगाचा आडोसा झाला की काडी एकदाच ओढावी लागते. किती हजार पणत्या लागल्या, हे लोक दरवर्षी विचारतात. सूर्य वर येईपर्यंत किती तेवत राहिल्या, हे मी मोजते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये हाच घाट महापुरात बुडाला होता. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांना धोक्याची पातळी. त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. पाणी ओसरल्यावर दीपमाळांच्या कोनाड्यांत गाळ वाळून बसला होता. १२ नोव्हेंबरला पौर्णिमा होती. आम्ही बोटांनी तो गाळ उकरला आणि त्याच कोनाड्यांत पणत्या ठेवल्या. पूर ज्यांच्या घरात शिरला होता, त्या बायका त्या पहाटे सगळ्यांत आधी आल्या होत्या.

दगडावर सांडलेले तेल मात्र मला सहन होत नाही. पायरी निसरडी होते, वर धूळ बसून काळा थर चढतो, उरलेले तेल पावसाबरोबर नदीत जाते. म्हणून आम्ही पणतीखाली वडाचे पान ठेवतो; तरीही सांडलेच तर लाकडाचा भुसा टाकून घासतो. मेणाचे दिवे घाटावर आणूच नयेत, मेण दगडाच्या भेगांत शिरते.

यंदा येणार असाल तर रात्रभर भिजवलेल्या चार पणत्या आणि जुन्या धोतराचे एक फडके घेऊन या. दिवे लावायला हात पुष्कळ असतात. आठ वाजता घाट पुसायला कमी पडतात.