मिस्त्रींचे देणे

बारावी नापास झाल्यावर मी मालवणात फायबरच्या होड्या दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रींकडे कामाला लागलो. होड्यांची आवड होती म्हणून नव्हे. घरात बसून बोलणी खायची नव्हती म्हणून. आज माझे घर याच कामावर चालते. त्यात माझे स्वतःचे म्हणावे असे फार थोडे आहे.

फायबरची होडी कशी होते हेही मला ठाऊक नव्हते. मला वाटे, आधी होडी बांधतात आणि शेवटी रंग देतात. मिस्त्रींनी मला साचा दाखवला. साच्याला आतून मेण लावायचे, त्यावर जेलकोट, म्हणजे रंग घातलेले रेझिन, आणि मागाहून काचेच्या तंतूंच्या मॅटचे थर. होडी सुटली की सगळ्यात आधी लावलेला थर सगळ्यात बाहेर येतो. त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. मिस्त्री म्हणत, "ह्याच्यातूनच खर्च करूचो आसा. संपलो काय संपलो."

ऊन हा जेलकोट खाते. तो फिकट, खडूसारखा होतो. बोट फिरवले की भुकटी लागते. पावसाळा सरला की पर्यटकांच्या बोटींचे मालक वॅक्सचा डबा घेऊन यायचे आणि "जरा चमकवून द्या" म्हणायचे. चमक डब्यात असते असेच मीही समजत होतो. मिस्त्री होडीवर तांब्याभर पाणी ओतत. ओल्या जागी मूळ रंग वर आला, म्हणजे थर अजून शिल्लक आहे, की त्यांचा चेहरा खुले. "मेण चमक आणणा नाय रे, आसलेली राखता." भुकटीवर मेण चोपडले तर चार दिवसांत होडी पुन्हा फिकट, हे पुढे मी अनेकदा पाहिले.

त्यांची रीत अशी: आधी साबणाने धुणे, मग जुने मेण पुसून काढणे, नाहीतर घासायचा वॉटर पेपर लगेच भरतो. मग कोपऱ्यात हातभर जागेवर नुसते रबिंग कंपाउंड लावून बघायचे. तेवढ्यावर भागले तर पेपर हातात घ्यायचाच नाही. नाही भागले तर 1000 नंबर, तोही पाण्यात भिजवून. त्याहून खरखरीत अगदीच नाइलाज झाला तर. खरखरीत पेपरने सुरुवात केली की त्याचे ओरखडे काढायला पुन्हा 1500, 2000 करत यावे लागते आणि दर वेळी थर उतरतो. दिवसभर घासून दमलेल्या पोराला सर्वांत कमी घासायला शिकवणारा माणूस मला भेटला, हे माझे नशीब.

बफिंग मशीन त्यांनी मला गिऱ्हाइकाच्या होडीवर धरू दिले नाही. स्वतःची जुनी होडी पुढे केली. मशीन सावकाश फिरवायचे, एका जागी थांबवायचे नाही, कारण घर्षणाच्या उष्णतेने जेलकोट जळतो. कडांवर तर तो मुळात पातळ. मेण सावलीत, पातळ लावून, धूसर झाले की पुसायचे. चालायच्या खरबरीत फळीवर मात्र कधीच नाही, माणूस घसरतो. (हे मेण बहुधा कार्नौबाचे, ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचे. माडांच्या गावात हे ऐकून मला गंमत वाटायची.)

एकदा एका मालकाला पुन्हा घासून हवे होते. मॅटचे तंतू दिसू लागले होते. मिस्त्रींनी आगाऊ घेतलेले पैसे परत केले आणि नवा जेलकोट चढवून घ्यायला सांगितले. गणपती तोंडावर आले होते, मला ते पैसे हवे होते, आणि त्या वेळी मला त्यांचा रागच आला. मी स्वतंत्र काम सुरू केले तेव्हा पहिले गिऱ्हाईक म्हणून तोच मालक आला. त्याला मिस्त्रींनीच धाडले होते.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाची होडी असेल तर वॅक्सचा डबा आणण्यापूर्वी तिच्यावर पाणी ओतून बघा. आणि घासायची वेळ आलीच तर तोंडाला चांगला मास्क लावा, घासणाऱ्या पोरालाही द्या. मिस्त्रींनी तो कधी लावला नाही. शेवटची वर्षे त्यांना जेटीपर्यंत चालतानाही दम लागायचा.