उघडिपीतला निर्णय

जुलैत पावसाने जोर धरला की कोल्हापुरात मोबाईलवर एकच चौकशी सुरू होते : राधानगरीचे किती दरवाजे उघडले? कधी सहा नंबरचा आधी उघडतो, कधी तीनचा. सातही उघडले की पेठांमधून ‘सोडलं बघा पाणी!’ असा गलका होतो आणि सगळे पाटबंधारेवाल्यांच्या नावाने बोटे मोडू लागतात. त्या खात्यात हयात गेलेल्या माझ्यासारख्याला हसावे की चिडावे कळत नाही. ते दरवाजे कोणी सोडतच नाही. शाहू महाराजांनी काम सुरू केलेल्या या धरणाचे दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ठरावीक पातळीला आले की पाण्याच्याच भाराने उघडतात, उतरले की मिटतात. वीज लागत नाही आणि साहेबांची सहीही लागत नाही.

एका दरवाजातून १,४२८ क्युसेक, म्हणजे सातांतून सुमारे दहा हजार. दिवसभर चालले तर पाऊण टीएमसीहून जास्त पाणी भोगावतीत उतरते. धरण सारे ८.३६ टीएमसीचे. तेव्हा दरवाजे उघडल्यावर ‘निर्णय चुकला’ म्हणणाऱ्याने आधी तारीख पाहावी. धरण काठोकाठ भरले, तिथेच निर्णयाची वेळ संपली. त्याआधी धरणातून पाणी काढायचे तर पायथ्याचे वीजगृह आणि सेवाद्वार एवढीच वाट, आणि ती अरुंद. सगळे मिळून तीन हजार क्युसेकच्या आसपास. भर पावसात येवा, म्हणजे धरणात येणारे पाणीच, याच्या कित्येक पट असतो; तेव्हा एवढे सोडून पातळी इंचभरही उतरत नाही.

म्हणून जागा करायची ती उघडिपीत. पाऊस चार-आठ दिवस थांबतो, ऊन पडते, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावरची पातळी खाली येते, वर्तमानपत्रांतून पूर गायब होतो. नदीत जागा असते ती त्या दिवसांत. येवा नगण्य असताना, उघडिपी मिळून असे दहा दिवस तीन हजार क्युसेक सोडत काढता आले, तर अडीच टीएमसीपर्यंत पोकळी तयार होते. राधानगरीसाठी ही मोठी रक्कम आहे.

मग सोडत का नाहीत? ऑगस्ट कोरडा गेला आणि धरण भरलेच नाही, तर उसाला पाणी कुठून द्यायचे, हा प्रश्न अभियंत्याला विचारला जातो, आणि तो विचारणाऱ्यांत पूरग्रस्तही असतात. पंचगंगेकाठच्या चिखलीच्या माणसाचे घर पुरात जाते आणि ऊस त्याच नदीच्या पाण्यावर वाढतो. पाणी राखून ठेवल्याबद्दल कोणाची चौकशी लागल्याचे मी ऐकले नाही. धरण कधी किती भरायचे याचे वेळापत्रक कागदावर असते, पण उघडिपीत भरत आलेले धरण रिते करायला छाती लागते. ती एकट्या कार्यकारी अभियंत्याकडून अपेक्षिणे अन्यायाचे आहे. जोखीम शासनाने लेखी उचलली पाहिजे.

तेच पाणी कोरड्या दिवसांत किती निरुपद्रवी असते, हे २९ डिसेंबर २०२१ ला दिसले. दुरुस्तीच्या वेळी राधानगरीचे सेवाद्वार उघडे अडकले आणि पाणी धो-धो नदीत गेले. काठच्या गावांना इशारे दिले गेले. पण पात्र मोकळे होते. महापूर आला नाही. नुकसान झाले ते साठ्याचे.

हेही सांगितले पाहिजे की राधानगरीची भोगावती म्हणजे सगळी पंचगंगा नव्हे. कासारी, कुंभी, तुळशी यांवर त्यांची वेगळी धरणे आहेत, आणि धरणांखालच्या मोकळ्या पाणलोटावर तर कोणाचेच दार नाही. २०१९ ला राजाराम बंधाऱ्यावर ५५ फूट ७ इंच पाणी होते, २०२१ ला ५६ फूट ३ इंच. धोका पातळी आहे ४३. २०२१ चा पूर मुख्यतः दोन-तीन दिवसांच्या ढगफुटीसारख्या पावसाचा. एवढ्या पाण्यापुढे अडीच टीएमसी फार नाही, पण अशा वेळी अर्ध्या फुटानेही किती घरांचे उंबरे वाचतात ते काठावर राहणाऱ्याला विचारा. शिवाय खाली नृसिंहवाडीला कोयना-वारणेचे पाणी घेऊन आलेली कृष्णा फुगलेली असली, की पंचगंगेला पुढे सरकायला वावच उरत नाही. कृष्णेवरच्या कर्नाटकातील आलमट्टी धरणाचा वाद याच्याही पुढचा. २०१९ ला तिथला विसर्ग वाढवा म्हणून दोन मुख्यमंत्र्यांना बोलावे लागले. त्या पुरानंतर शासनाने नेमलेल्या वडनेरे समितीने २०२० च्या अहवालात मात्र आपल्या पुराचा दोष आलमट्टीवर टाकला नाही. पुरात बुडणाऱ्या शिरोळमध्ये हे कोणाला पटवायला मी जाणार नाही. माझे म्हणणे एवढेच, की कर्नाटकाकडे बोट दाखवताना आपल्या हातातली उघडीप वाया जाते.

आता इशाऱ्याचे. ‘विसर्ग ११,५०० क्युसेक, नागरिकांनी सतर्क राहावे’ हा मेसेज चिखली-आंबेवाडीच्या माणसाच्या काय कामाचा? त्याला हवे असते : राजारामला उद्या दुपारी किती फूट? एकेचाळीसला वैरण हलवायची, बेचाळीसला म्हशी उंचावरच्या सोनतळीकडे काढायच्या, हे हिशेब त्याच्याकडे तयार आहेत. गोठ्यात आठ म्हशी, त्यातली एक व्यायला आलेली, वाटेवर गुडघाभर पाणी. हे काम अंधारात होत नाही. उघडिपीतला विसर्ग सकाळी सांगून, टप्प्याटप्प्याने वाढवता येतो. भरलेल्या धरणाचे स्वयंचलित दार रात्री अडीचलाही उघडते, आणि तेव्हा चिखलीत फोन उचलणाराही झोपेत असतो.