इरलं आणि तात्या विंचू

तात्या विंचू मेला की नाही, हे मला सात वर्षं माहीत नव्हतं.

‘झपाटलेला’ हा सिनेमा आला १९९३ साली. आमच्या तळेघरात तो पोचायला पुढच्या वर्षीचे गणपती उजाडले. मंडळाच्या पोरांनी वर्गणी काढून घोडेगावहून व्हिडिओ भाड्यानं आणला होता. व्हिडिओ आणला म्हणजे रंगीत टीव्ही, कॅसेट लावायचं यंत्र आणि ते लावायला येणारा माणूस, असं सगळं मिळून. त्या माणसाला मंडळाच्या अध्यक्षापेक्षा जास्त मान. एका रात्रीत तीन सिनेमे, म्हणजे भाडं वसूल. आमचा सिनेमा तिसरा. दोन सिनेमांत निम्मी पोरं गोणपाटावरच आडवी झाली होती. मी अकरा वर्षांचा, डोळे ताणून जागा.

आणि ऐन रंगात लाइट गेली. पडद्यावर लक्ष्या, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे, जीव तोडून सांगत होता की तात्या विंचूचा बाहुला जिवंत आहे, त्यानंच सगळं केलंय, आणि त्याचं म्हणणं कुणी मनावर घेत नव्हतं. त्याच क्षणी काळोख. आमच्याकडे पावसाळ्यात गेलेली लाइट कधी येईल हे विचारायचं नसतं. पोरं तासभर थांबली, मग उठली. सकाळी व्हिडिओवाला सामान जीपमध्ये घालून निघून गेला. कॅसेटमधला पाऊण तासाचा सिनेमा त्याच्याबरोबर गेला आणि लक्ष्या माझ्यापाशी तसाच ओरडत राहिला.

घर वाडीच्या टोकाला. चुलतभावाच्या हातात बॅटरी होती, पण सेल उतरलेले; ती पेटल्यानं अंधार जास्त दिसायचा. पडवीत पाऊल टाकलं आणि मी किंचाळलो. भिंतीला कुबड काढून कुणीतरी उभं होतं. सिनेमात तात्याचा साथीदार कुबड्या खवीस मी दोन तासांपूर्वीच पाहिला होता.

ते आजीचं इरलं होतं. बांबूच्या कामट्या आणि पानांचं. भाताची आवणी करताना बायका वाकलेल्या पाठीवर ते घेत, म्हणून त्याचा आकारच वाकलेल्या पाठीचा. भिंतीला टेकवून ठेवलं की आत बाई नसली तरी पाठ शिल्लक राहते.

आजी उठून आली. मी कसंबसं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि तिला राग आला तो भलत्याच गोष्टीचा.

“खवीस कुबडा कसा असंल? खवीस उंच असतो. कुणी सांगितलं तुला?”

आजीला खवीस, मुंजा, हडळ ही मंडळी गावातल्या भाऊबंदांइतकी नीट ठाऊक होती. कुणाचं ठिकाण कुठलं, कुणाला काय चालत नाही, सगळं. रानात वाट चुकवतो तो चकवा, आणि तो लागला तर धावायचं नाही, खाली बसायचं. भीमाशंकरच्या रानात पावसाळ्यात कुजलेली लाकडं रात्री हिरवट उजळतात, त्याचंही तिच्याकडे कारण होतं. ते मी इथे देत नाही. खरं कारण बुरशी आहे, हे मला पुढे कळलं. आता त्या उजेडासाठी शहरातून गाड्या येतात. लोक आधी फोटो पाहून आलेले असतात, त्यामुळे लाकूड दिसल्यावर “फोटोत जास्त चमकत होतं” म्हणतात. तो उजेड मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा चड्डी ओली झाली होती. आता पाहतो तेव्हा नुसता छान वाटतो.

तर, सिनेमाचा शेवट माझ्याकडे नव्हता. वसतिगृहात गेल्यावर तो मी तयार केला. रात्री दिवे मालवल्यावर पोरं म्हणायची, सांग रे तात्याचं. मी सांगायचो. पहिल्या वर्षी तात्या सिनेमातल्या श्रीरंगपुरात होता, दुसऱ्या वर्षी तो घोडेगावच्या एसटी स्टँडवर आला. खिडकीची जागा धरून बसला, अर्धं तिकीट काढलं. डिंभ्याच्या धरणापाशी उतरला. कधी भातखाचरात बुजगावणं होऊन उभा राहायचा, कधी हिरड्याच्या पोत्यात शिरून व्यापाऱ्याच्या गोदामात जायचा. त्याला मी कधी मारला नाही. मारला असता तर दुसऱ्या दिवशी काय सांगितलं असतं? सिनेमाचे पुढचे भाग काढणाऱ्यांची खरी अडचण मला त्या वयातच कळली होती.

एक गोष्ट मात्र मी कधी बदलली नाही. माझ्या प्रत्येक भागात लक्ष्या खरं सांगायचा आणि त्याला सगळे वेड्यात काढायचे. तेवढं आलं की खोलीतली कुजबूज थांबायची. सुरा, रक्त, बाहुल्याचं हसणं यांना पोरं सरावली होती. पण आपण पाहिलंय आणि आपली आईसुद्धा ऐकत नाही, ह्याला कुणी सरावत नव्हतं.

२००१ साली पुण्यात, मित्राच्या खोलीवर, केबलवर ‘झपाटलेला’ लागला आणि मला शेवट दिसला. दोन भुवयांच्या मधोमध गोळी, तात्या खलास. मी म्हटलं, एवढंच? मित्राला वाटलं मी सिनेमाला नावं ठेवतोय. पुढे ‘चाइल्ड्‌स प्ले’ पाहिला. १९८८ चा, चकी नावाच्या बाहुल्याचा. मेलेल्या गुंडाचा जीव बाहुल्यात, ही कल्पना तिकडून इकडे आलेली दिसते. म्हणजे आमचा पहिला भागच एका अर्थानं दुसरा होता. पण चकीला दिलीप प्रभावळकरांचा आवाज नव्हता, बाहुला हलवणाऱ्या रामदास पाध्यांचा हात नव्हता आणि समोर घाबरायला लक्ष्मीकांत बेर्डे नव्हता. ह्यातलं तिसरं सगळ्यात मोठं. लक्ष्मीकांतच्या विनोदाबद्दल सगळे बोलतात. त्याला भिता किती चांगलं यायचं, हे फारसं कुणी बोलत नाही. त्याचा घसा आतून कोरडा पडायचा. हसू आणि भीती ह्यांच्यामध्ये तो अशा जागी उभा राहायचा की आपण हसतोय कशाला, याचीच लाज वाटावी.

१६ डिसेंबर २००४ ला तो गेला. वय पन्नास.

‘झपाटलेला २’ आला जून २०१३ मध्ये. तोही थ्रीडी. मी पुतण्याला घेऊन पुण्यातल्या एका मल्टिप्लेक्समध्ये गेलो. चष्म्यावर चष्मा चढवला. दिग्दर्शक महेश कोठारे पुन्हा होते, प्रभावळकरांचा आवाज होता, पाध्यांचा बाहुला होता, मधू कांबीकर होत्या. लक्ष्याच्या मुलाच्या भूमिकेत आदिनाथ कोठारे. बाहुला आधीपेक्षा सफाईनं हलत होता, पडद्यातून बाहेर झेपावत होता. सात वर्षांचा पुतण्या प्रत्येक झेपेला टाळ्या पिटत होता. मध्यंतरात त्यानं विचारलं, “काका, तू ह्याला घाबरायचास?”

मला सिनेमाचा राग आला नाही. खोटं कशाला सांगू, तात्याचा आवाज पहिल्यांदा घुमला तेव्हा अंगावर काटा आला, पण तो ओळखीचा माणूस भेटल्याचा काटा होता. दुसरा भाग पहिल्याची बरोबरी करतो का, या प्रश्नावर लोक बाहुला, तंत्र, गाणी, नट मोजत बसतात. माझी मोजपट्टी वसतिगृहातली. पहिल्या भागात बाहुला जिवंत आहे हे फक्त लक्ष्याला माहीत, आणि आपल्याला. दुसऱ्या भागात ते थिएटरातल्या पोरासोरांना माहीत. पोलिसाला माहीत, लक्ष्याच्या घरच्यांना माहीत. ज्याचं नाव पोस्टरवर आहे त्याच्यावर अविश्वास कोण दाखवणार? मग उरतो तो पाठलाग. पाठलाग चांगला असू शकतो. होताही.

विशाल फुरियाच्या ‘लपाछपी’नं २०१७ मध्ये मला पुन्हा एकदा नीट भिववलं, ते उसामुळे. आमच्या तालुक्याचे दोन तुकडे आहेत. पश्चिमेला पाऊस, भात, हिरडा आणि धरणात गेलेल्या जमिनी. पूर्वेला त्या धरणाचं पाणी आणि ऊस. त्या उसात बिबट्याची मादी विते, पिलं वाढवते. मंचरकडे दिलेल्या आमच्या बहिणी संध्याकाळी पोरांना उसाच्या कडेनं पाठवत नाहीत. त्यामुळे गरोदर पूजा सावंत उसात वाट शोधते तेव्हा भूत यायच्या आधीच माझ्या मुठी वळल्या होत्या. फुरियानं त्याचाच हिंदीत ‘छोरी’ केला, २०२१ मध्ये, आणि २०२५ ला ‘छोरी २’. त्यातली भुयारं पाहताना मला एकदाही मुठी वळाव्या लागल्या नाहीत. उसात काय असतं ते मला ठाऊक आहे, भुयारात काय असतं ते दिग्दर्शकालाच ठाऊक.

‘झपाटलेला’च्या तिसऱ्या भागाचीही घोषणा झाली आहे. लक्ष्मीकांतला एआयच्या मदतीनं पडद्यावर परत आणणार, असं म्हणतात. मेलेल्या माणसाचा आवाज आणि चेहरा दुसऱ्याच कशात तरी घालायचा. सिनेमात तात्यानं ह्यासाठी बाबा चमत्कार ह्या मांत्रिकाकडून मंत्र मिळवला होता.

पण दुसरा भाग नेहमी फिकाच, हे माझं मत मी थिएटराबाहेर टिकवू शकलो नाही.

तो थ्रीडी सिनेमा पाहिला त्याच्या पुढच्याच वर्षी, ३० जुलै २०१४ ला सकाळी, आमच्याच तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गेलं. गाव गेलं हे जगाला कळलं ते तिकडे गेलेल्या एसटीच्या ड्रायव्हरमुळे. रोजच्या रस्त्यानं गेला, तर गाव जागेवर नव्हतं. मी कधी कधी त्याच्या पहिल्या फोनचा विचार करतो. गाव नाही, म्हणजे काय नाही? कुणी कसं मानलं असेल? १५१ माणसं गेली. आमच्या घरी त्या आठवड्यात चूल पेटली तरी ताटावर कुणी बोलत नव्हतं.

तो पहिला भाग होता. त्याचा दुसरा भाग दर जूनला येतो. धोक्याच्या गावांच्या याद्या निघतात, नोटिसा येतात, जास्त पाऊस झाला की शाळेत मुक्कामाला चला म्हणतात. आता डोंगर येऊ शकतो हे सगळ्यांना माहीत आहे. सरकारला, टीव्हीवाल्यांना, पाचवीतल्या पोराला. माझ्या हिशेबानं ह्यानं भीती कमी व्हायला हवी होती. तसं झालं नाही. आवणीच्या दिवसांत ज्या डोंगराकडे पाठ करून माझ्या आजीनं आयुष्य काढलं, त्याच्याकडे आई आता तोंड करून बसते.

गेल्या जुलैत घरी होतो. पुतण्या आता कॉलेजात आहे. तो मोबाइलवर ‘झपाटलेला’ दाखवत होता, पहिला, कारण त्याला तो आता “भारी” वाटतो. पाऊस धरून होता. लक्ष्या ओरडायला लागला आणि रेंज गेली. चाक फिरत राहिलं. मी हसलो, त्याला का ते कळलं नाही.

रात्री दोनच्या सुमारास पडवीत खुडबुड झाली. आई बॅटरी घेऊन बाहेर निघाली होती. अंगावर प्लास्टिकचा कागद, पाठ वाकलेली. दाराच्या चौकटीत ती क्षणभर हुबेहूब त्या इरल्यासारखी दिसली. दहा मिनिटांनी परत आली, कागद झटकून खुंटीला लावला.

“कुठं गेली होतीस?”

“वढ्याचं पाणी बघाया.”

“मग?”

“गढूळ न्हाई अजून. झोप.”

ती आडवी झाली, पण बॅटरी तिनं विझवली नाही. मग मीही उठून बसलो.