जोशी व्हायला सगळेच तयार

आमच्या वस्तीतलं मंडळ येत्या ११ एप्रिलला जोतिबांचं 'तृतीय रत्न' करतंय. नाशकात नाटक म्हणलं की माणूस आधी 'नटसम्राट'चं नाव घेतो. १९७० चं, शिरवाडकरांचं. मोठंच नाटक आहे, नाही कोण म्हणतो? पण म्हातारपणी घरदार पोरांना वाटून टाकायला आधी घरदार लागतं. ते दुःख आमच्या तोंडी बसत नाही.

'तृतीय रत्न' १८५५ चं. जोतिबा तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे, म्हणजे माझ्याहून दोनच वर्षांनी मोठे. नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीकडं धाडलं. कमिटीतल्या भटांपुढं गोऱ्यांचं काही चाललं नाही, नाटक नाकारलं. हे त्यांनीच १८७३ साली 'गुलामगिरी'त लिहून ठेवलंय. मधे १८८० ला किर्लोस्करांचं 'शाकुंतल' आलं, मराठी रंगभूमी शालू-शेला नेसून गायला लागली. आमचं नाटक छापून यायला १९७९ उजाडलं. १२४ वर्षं!

गोष्ट साधी. गरोदर कुणबीण घरात. दारात जोशी. ग्रह वाकडे म्हणून भीती घालतो. नवराबायको कर्ज काढून ब्राह्मण जेवू घालतात. विदूषक मधे मधे येऊन एकेकाचं सोंग सोलतो. शेवटी दोघं नवराबायको जोतिबा-सावित्रीच्या रात्रशाळेत जायला निघतात.

भूमिका वाटायला बसलो. जोशाला चार हात वर. कुणब्याला एक नाही. जोशाला वाक्यं, लबाडी, टाळ्या. कुणब्यानं नुसते हात जोडायचे. आमच्या आज्या-पंज्यानं ते काम फुकट केलं, आता कोण करणार? शेवटी मीच घेतला. सूतगिरणीत तिसऱ्या पाळीला धागा तुटला की जॉबरपुढं रोजच उभा असतो. वेगळा सराव लागत नाही.

एक पोरगं म्हणलं, "आता कोण फसतं जोशाला?" म्हणलं, त्र्यंबकची बस धर. कालसर्प शांतीला आलेली माणसं मोज, शिकलेली किती ते पण मोज. जादूटोण्याविरुद्ध कायदा झाला २०१३ ला, पण त्याआधी दाभोलकरांचा खून पडावा लागला. न् लांब कशाला? २ मार्च १९३० ला ज्यांनी दादासाहेब गायकवाडांच्या मागं काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह केला, त्यांचीच नातवंडं आज बाहीखाली गंडा लपवतात. आमच्याच गल्लीत दाखवतो, या.

कुणबिणीचं काम वहिनी करतात. चार फ्लॅटांची धुणीभांडी उरकून तालमीला येतात. वाचता येत नाही. मी वाचतो, त्या एकदा ऐकून म्हणतात. काना-मात्रा चुकत नाही. परवा शेवटच्या प्रवेशाला मात्र थांबल्या.

"भाऊजी, ही बाई शाळेत जाते म्हणती. न् मी बँकेत अंगठा देते. लोकांना काय तोंड दाखवू?"

कुणी बोललं नाही. जोशी पण गप.

दुसऱ्या दिवसापासनं तालमीनंतर अर्धा तास पाटी. सातवीतली त्यांची लेक मास्तरीण. अक्षर वाकडं गेलं की आईला पुन्हा काढायला लावते. आता आणखी दोन बाया येऊन बसतात. त्यांना नाटकात काम नाही.

बसवणारा चिडलाय. तालमीचा वेळ जातो, म्हणतो. ११ ला नाटक उभं राहणार नाही. म्हणलं, मग १४ ला करू, बाबासाहेबांच्या जयंतीला. नाटक तीन दिवस थांबेल, त्याला थांबायची सवय आहे. वहिनींचा अर्धा तास मात्र तोडू देणार नाही. त्यांना 'क' आलाय. 'क्ष' अजून लांब आहे.

तिकीट नाही. येताना एक वही न् एक पेन आणा.