अम्मींना चौल दाखवताना

पहिल्यांदा चौलला गेलो तेव्हा आमच्या अम्मी दोन तास गाडीतच बसून राहिल्या. मे महिना, दुपारचे बारा, पाण्याची एकच बाटली आणि तीही गरम झालेली. जुने अवशेष रस्त्याला लागून नाहीत, वाड्यांतून, झाडोऱ्यातून थोडे चालावे लागते, याची आम्हाला कल्पनाच नव्हती. अम्मींचे गुडघे दुखतात, साखरेचाही त्रास आहे. आम्ही घाईघाईत चार फोटो काढून परतलो, तर त्या एवढेच म्हणाल्या, "मशीद पाहिलीत का? मला तेवढीच पाहायची होती."

ते शब्द वर्षभर कानात राहिले. यंदा जानेवारीत मात्र तयारीनिशी निघालो.

मशिदीचे एवढे काय, असे कुणी विचारेल. अलिबागपासून चौल फार लांब नाही, तासाभरापेक्षा कमीच. आज शांत, नारळी-पोफळीच्या सावलीतले गाव. पण एकेकाळी अरब व्यापारी याला सैमूर म्हणत. हिजरी ३०४ म्हणजे इ.स. ९१६च्या सुमारास प्रवासी अल-मसऊदी इथे आला. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले आणि इथेच जन्मलेले मिळून सुमारे दहा हजार मुस्लिम या बंदरात राहतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. राजा मुस्लिम नव्हता, तरी त्यांचा कारभार पाहायला त्यांच्यातलाच एक प्रमुख तो नेमत असे. पुढे पंधराव्या शतकात रशियाचा अफनासी निकितीन घोडा घेऊन याच किनाऱ्यावर उतरला. आज उभी असलेली पडकी मशीद मसऊदीच्या काळातली नव्हे, ती पुढच्या सुलतानी काळातली. पण आपले पूर्वज या मातीत किती जुने आहेत हे मुलांना सांगायला तिच्यासारखी जागा नाही.

तर तयारी. सर्वांत कामाची वस्तू ठरली घडीचे स्टूल. तीनशे-साडेतीनशे रुपयांची वस्तू, पण अम्मी दर पन्नास पावलांवर बसत आणि पुन्हा उठत. पाणी माणशी दोन लिटर घेतले, वुजूसाठी वेगळा कॅन. खजूर आणि बिस्किटे अम्मींच्या हाताशी, कारण साखर अचानक उतरते. औषधे गाडीत न ठेवता खांद्यावरच्या पिशवीत. कोकमाचे सरबत थर्मासमध्ये, तांदळाच्या भाकऱ्या आणि सुका खिमा डब्यात. पायात चपला नको, बूट हवेत; पडक्या दगडांखाली विंचू-साप असू शकतात, म्हणून मुलांना भेगांत हात घालायची सक्त मनाई. कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी. आणि बायकांनी स्वच्छतागृहाची सोय अलिबागमध्येच उरकून घ्यावी. हे कुणी सांगत नाही, पण अर्धी सहल यावरच बिघडते.

नमाजचा प्रश्न आम्ही मोहल्ल्यातील मौलानांना आधीच विचारून घेतला. आम्ही शाफई, मुंबईहून पेणमार्गे रस्त्याने शंभर किलोमीटरच्या पुढे जात असल्याने जुहर-असर कसर करून एकत्र पढायला त्यांनी परवानगी दिली. त्यामुळे मन निवांत झाले.

फजर पढून निघालो आणि ऊन चढायच्या आत राजकोटाच्या परिसरात पोहोचलो. हमामखाना पाहून मुले थक्क झाली. घुमटाखाली उभे राहून धाकट्याने विचारले, "इथे गरम पाणी यायचे?" पूर्वी गिझर नसताना आंघोळीसाठी एवढी इमारत बांधत, हे त्याला पटेना. मग मशीद. काळे दगड, सांध्यांतून उगवलेली झाडे. अम्मी स्टुलावर बसल्या, ओढणी सारखी केली आणि बराच वेळ तसबीह फिरवत राहिल्या. आम्ही काही बोललो नाही. भिंतीवर कुणी तरी खडूने नावे लिहिली होती, ती पाहून त्या नाराज झाल्या. मोठ्या मुलीने ओल्या रुमालाने पुसून पाहिली, तर अम्मींनीच थांबवले, "दगड झिजेल, राहू दे."

दुपारी गावातल्या एका घरी पाणी मागितले, तर त्यांनी अंगणात चटई अंथरून दिली. जुहर तिथेच झाली. निघताना त्यांनी शहाळी दिली, पैसे काही घेतले नाहीत.

कोर्लईचा किल्ला आम्ही यादीतून आधीच काढला होता. चढण अम्मींच्या बसची नाही. त्याऐवजी रेवदंड्याच्या पोर्तुगीज किल्ल्यात गेलो. तिथे तर गावचा रस्ताच दरवाजातून आत जातो, गाडीतूनही बरेच दिसते. वाड्यांमध्ये उभा असलेला सातखणी मनोरा, त्याचे वरचे मजले कधीचेच ढासळलेले. खाडीपलीकडे कोर्लईची टेकडी दिसत होती.

अम्मींनी तिकडे पाहिले आणि म्हणाल्या, "खालून तरी जाऊन येऊ. स्टूल आहे ना गाडीत?"