भावी डॉक्टरांचें कवच

वैद्यास रोग बाधत नाहीं, अशी एक भाबडी समजूत समाजांत आहे. आणि नवल हें कीं, ती वैद्यकीच्या विद्यार्थ्यांतहि आढळते. प्रतिकारशक्तीवरील पानेंच्या पानें ज्यास मुखोद्गत, त्याला स्वतःच्या रक्तांत ती कितपत आहे, असें विचारून पाहावें. "लहानपणीं सगळ्या लसी झाल्या आहेत," एवढेंच उत्तर बहुधा मिळतें.

आम्हीं हाच प्रश्न आमच्या भाच्यास केला, तेव्हां त्याचें लसींचें कार्ड शोधण्यांत घरचा एक रविवार खर्चीं पडला. जन्मपत्रिका तत्काळ सांपडली, तीहि कुंकू लावलेली; कार्ड कांहीं मिळालें नाहीं. मध्यमवर्गीय घरांचा हा कुलाचारच म्हणावयाचा! अर्थात् कार्ड मिळालें असतें तरी प्रश्न सुटता ना. हिपॅटायटिस-बीची लस सरकारी लसीकरणांत देशभर आली ती २०११ सालीं. आज रुग्णालयांत वावरणारे विद्यार्थी त्यापूर्वींच जन्मलेले. ज्यांना ती मिळाली, त्यांपैकींहि कांहींच्या अंगीं ती लागत नाहीं. आणि रोग्याच्या रक्तानें माखलेली सुई टोंचली, तर कवच नसलेल्यांपैकीं शेंकडा ३० पर्यंत लोकांस या विषाणूची बाधा होऊं शकते. सुया टोंचतात त्या बहुतकरून नवशिक्या हातांनाच.

उपाय अवघड नाहीं. सहा महिन्यांत तीन मात्रा, व नंतर एक-दोन महिन्यांनीं रक्ताची तपासणी. दर मिलिलिटरमागें १० मिलियुनिट प्रतिद्रव्य भरलें कीं कवच पक्कें. पुढें हा अंक उतरला म्हणजे संरक्षण गेलेंच असें नव्हे. परंतु बालपणींच्या लसीवर विसंबणाऱ्यानें तपासून घ्यावें, आणि अंक कमी भरल्यास आणखी एक मात्रा घ्यावी. फीची पावती ज्या कसोशीनें पाहिली जाते, त्याच कसोशीनें कॉलेजांनीं हा अंक पाहावा, असें आमचें स्पष्ट मत आहे. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत वाल्डेमार हाफकिन यांनीं १० जानेवारी १८९७ रोजीं प्लेगची लस प्रथम टोंचून घेतली ती स्वतःसच.

गोंवराची गोष्ट याहून नाजूक. तेथें विद्यार्थी नुसता भक्ष्य नसतो, वाहकहि होतो. अंगावर पुरळ उठण्याच्या चार दिवस आधींपासून त्याच्या श्वासावाटे रोग पसरूं लागतो. त्या दिवसांत तो बालरुग्णांच्या वॉर्डांत खाटेखाटेशीं वांकून छाती तपासत असतो. तेथें आईच्या मांडीवर निजलेल्या आठ महिन्यांच्या बाळाला गोंवराची पहिली लस मिळावयास अजून एक महिना असतो.